ओले कपडे, कोरडा खोकला

माझी मावशी लोकांचे कपडे धुऊन इस्त्री करून देते, आणि तोंडाने त्याच लोकांची बिनपाण्याने करते. राहते एका खोलीत. वर चार दोऱ्यांवर साहेबलोकांच्या चादरी, खाली मावशी आणि तिची नऊ वर्षांची मुलगी भिंगरी. अंगण नाही, म्हणून बारा महिने कपडे घरातच वाळतात.

एकदा शाळेतल्या बाईंनी मावशीला बोलावलं. "मुलीचं लक्षच नसतं. चुळबुळ करते, नाहीतर पेंगते. महिनाभरात सुधारली नाही तर एक वर्ग मागे बसवू."

मावशीने घरी येऊन पोरीला बदडलं. "मी हाडं झिजवते आणि तू झोपा काढतेस?" भिंगरी रडली, मग खोकली. खोकला रोजचाच, त्याच्याकडे कोण बघतंय!

गिऱ्हाइकाच्या खिशात सापडलेलं मावशी प्रामाणिकपणे परत करते, पण आधी वाचते. त्याच आठवड्यात डॉक्टरीणबाईंच्या कोटात त्यांच्या मुलाच्या शाळेची चिठ्ठी निघाली. तोही चुळबुळ्या. पण खाली लिहिलं होतं, 'मुलगा तल्लख आहे, त्याला मैदानात जास्त खेळू द्यावे.'

"यांचा तो तल्लख आणि माझी ती मठ्ठ?" मावशीचं टाळकं सरकलं. चिठ्ठी आणि पोरगी घेऊन ती थेट दवाखान्यात. मी मागोमाग, भांडण चुकू नये म्हणून.

डॉक्टरीणबाई चिठ्ठी बघून ओशाळल्या. त्यांनी भिंगरीची छाती तपासली. "घरात ओल आहे का?"

"ओल कसली, तुमच्याच चादरी आहेत."

"त्यानेच छाती भरते. रात्रभर खोकून झोप होत नाही, मग वर्गात लक्ष कुठून लागणार? कपडे खोलीत वाळवू नका. आणि रोज पेलाभर दूध द्या."

मावशीने पोरीला जवळ ओढलं. "मारलं हो मी हिला," एवढंच म्हणाली. मला तिची दया आली आणि रागही आला.

दुसऱ्या दिवसापासून मावशी ओले पिळेच घरोघर पोचवायला लागली. "वाळवा तुमचे तुम्ही. इस्त्रीला येऊन जाईन." निम्मी गिऱ्हाइकं तुटली. चौथ्या दिवशी डॉक्टरीणबाईंचाही निरोप आला, ओले कपडे आणू नका, घरात दमटपणा होतो, मुलाला सर्दी होते. मावशीने त्यांना ज्या शिव्या घातल्या त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

दूध आलंच नाही, पोरीचा शाळेचा डबाही निम्मा झाला. पण खोकला गेला, पोरगी रात्रभर झोपू लागली. महिनाअखेर शाळेतल्या बाई म्हणाल्या, "राहू दे हिला याच वर्गात. पेंगत नाही आता. फक्त सारखी घड्याळाकडे बघते."

मावशीने तिथेच डोळे वटारले. "काय गं, काय असतं घड्याळात?"

"डबा खायला अजून किती वेळ आहे, ते बघते," भिंगरी म्हणाली.