प्रार्थनेतलं ताईचं नाव

बाबांची संध्याकाळची प्रार्थना म्हणजे पॅसेंजर गाडी होती. एकही स्टेशन सोडायची नाही. आधी नांदेडची आत्या आणि तिचा दमा, मग आई, मग ताई, मग मी, मग चर्चचे पाळकसाहेब, मंडळीतले आजारी, गल्लीतले शेजारी आणि सगळ्यांत शेवटी देशाचे पुढारी. पुढाऱ्यांपर्यंत गाडी पोचेस्तोवर पिठलं गार व्हायचं. मी पहिल्यापासून भुकेला कच्ची, त्यामुळे डोळे मिटलेले असले तरी आता कुणाची पाळी आणि अजून किती उरलेत, हे मला बरोबर कळायचं. गंमत म्हणजे घरात हाय-न्हाई करणारा हा माणूस देवाशी मात्र छापील मराठीत बोलायचा. 'हे स्वर्गीय पित्या, तुझ्या या लेकरांकडे कृपादृष्टीने पाहा.' ताई मला कोपरानं ढोसायची आणि आम्ही दोघी ओढणीआड हसायचो.

ताई नर्स झाली. तिला औसा तालुक्यातल्या एका गावी आरोग्य उपकेंद्रावर नेमणूक मिळाली. राहायला तिनं एका शेतकऱ्याच्या माळवदाच्या घरात खोली घेतली होती. त्र्याण्णवच्या भूकंपात ते दगडमातीचं घर, वरच्या मातीच्या छतासकट, खाली बसलं. बाबा तिथं पोचले तोवर गावातल्या मेलेल्यांना एकत्रच अग्नी दिला जात होता. कोण कुठल्या धर्माचं हे विचारायला तेव्हा कुणाला सवड होती? ताईलाही त्यांतच अग्नी दिला गेला, असं उपकेंद्रातल्या एका माणसानं बाबांना सांगितलं. आमच्यात माणसाला पुरतात. ताईला पुरण्यासाठी आमच्या हाती काहीच आलं नाही. मला याचा आजही राग येतो, आणि तो कुणावर काढावा हे आजही कळत नाही.

त्या दिवसांत लातुरात कुणीही छताखाली झोपत नव्हतं. आम्ही अंगणात पत्र्याचं शेड ठोकलं होतं. बाबा परत आल्यावर पहिल्या संध्याकाळी आम्ही तिघं तिथंच प्रार्थनेला बसलो. बाबांनी आत्याचं नाव घेतलं, आईचं घेतलं, आणि एकदम माझं घेतलं. मी दचकले. माझ्याआधी ताई असायची, आणि तेवढा वेळ मला सवयीनं हवा होता. शेवटी मी आमेन म्हटलं. आई म्हणाली नाही.

"तिचं राहिलं," ती म्हणाली.

बाबांनी डोळे उघडले. मग म्हणाले, "मेलेल्यासाठी मागत न्हाईत आपल्यात. ती त्याच्याजवळ हाय. आता तिच्यासाठी काय मागायचं?"

"काही मागू नका. नुस्तं नाव घ्या."

"प्रार्थनेत नाव घेणं म्हंजे मागणंच हाय."

"तिला माती न्हाई मिळाली. मी कुठं जाऊन बसू? निदान रोज नाव तरी कानावर पडू द्या."

बाबांनी नाही म्हणून मान हलवली. ते चर्चच्या कमिटीत होते. मेलेला माणूस देवाच्या हाती सोपवलेला असतो, त्याच्यासाठी पुन्हा विनवणी करणं म्हणजे देवावर अविश्वास दाखवणं, हे त्यांनीच रविवारच्या शाळेत कितीतरी मुलांना शिकवलं होतं. आता स्वतःच्या घरात वेगळं कसं वागणार? बाबा कठोर होते असं कुणी म्हटलं तर मी भांडेन. कठोर माणसाशी निदान भांडता तरी येतं. बाबांचा खरोखरीचा विश्वास होता, आणि त्यापुढे आमचं काही चालत नव्हतं. आई रोज पदर डोक्यावर घेऊन प्रार्थनेला बसायची. आमेन मात्र तिनं त्या दिवसापासून सोडलं.

पुढे जे लोक छताला भीत होते, त्यांनीच घरांवर मजले चढवले. क्लासेसचं पेव फुटलं होतं. देगलूर, किनवट, कुठून कुठून पोरं-पोरी लातुरात यायला लागली आणि गल्लोगल्ली हॉस्टेलं निघाली. मीही एका क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवायला लागले. बाबा शाळेतून रिटायर झाले होते. त्यांना मुलींच्या एका हॉस्टेलवर रेक्टरची नोकरी मिळाली. मालक सारखा डाफरायचा, आईबाप फोनवर रडायचे नाहीतर ओरडायचे, आणि बाबा दोघांच्या मध्ये उभे. संध्याकाळी मुलींची हजेरी घ्यायची, एकेकीचं नाव पुकारायचं आणि घरी यायचं. घरी आले की हातपाय धुऊन प्रार्थना. तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा दिवस उतरायचा. 'ओझं ठेवायला जागा हाय म्हणून बरं,' असं ते म्हणायचे.

एके दिवशी टेस्टचे मार्क लागले आणि दुपारी मेसमध्ये एक मुलगी दिसेना. किनवटकडची होती. हसरी, जरा बडबडी. बाबांनी शेजारच्या चाचांची रिक्षा काढायला लावली आणि दोघांनी अख्खं लातूर पालथं घातलं. स्टेशन झालं, गंजगोलाई झाली, तिच्या मैत्रिणींच्या खोल्या झाल्या. आदल्या वर्षी दुसऱ्या एका हॉस्टेलमधल्या मुलीचं काय झालं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. मालकानं फोनवर बाबांना नको नको ते ऐकवलं. शेवटी उन्हं कलल्यावर ती बसस्टँडवर सापडली. नांदेडच्या गाड्या लागतात तिथं बाकड्यावर नुसती बसून होती. चाचांनी नंतर आम्हाला सांगितलं, "साहेबांनी एक सवाल विचारला न्हाई तिला. 'चल बाळ, जेवायची राहिलीस' म्हणाले, आन् वापस येईपर्यंत तिच्या डोक्यावर हात ठेवून बसले."

त्या संध्याकाळी बाबा घरी आले ते पाय ओढतच. आईनं पाणी दिलं. ते प्यायले, हातपाय धुतले आणि बसले. आवाज पार बसला होता. त्यांनी आत्याचं नाव घेतलं. आईचं घेतलं. मग ताईचं घेतलं. कागदावरचं नाही, घरातलं, लाडाचं नाव. जिभेला इतक्या वर्षांची वाट ठाऊक होती, ती त्या वाटेनं सरळ निघून गेली. त्यांनी तिलाही सुखरूप ठेव म्हणून मागितलं.

"आमेन," आई म्हणाली. प्रार्थना अजून मध्यावर होती.

मी डोळे उघडले. आईचे मिटलेलेच होते, आणि इतकं निवांत तोंड मी तिचं भूकंपानंतर पाहिलं नव्हतं. मला वाटलं, आता फक्त माझं नाव घ्या आणि पुढं चला. बाबा पुढं गेले नाहीत. मग ते म्हणाले, "देवा, चुकलं माझं. माफ कर मला." छापील मराठी त्या दिवशी त्यांना सुचली नाही.

आईनं ताटं वाढली. बाबांच्या पुढ्यात ताट ठेवताना ती हळूच म्हणाली, "माझ्या लेकराचं नाव घेतलं म्हणून माफी मागितली तुमी." बाबा जेवले नाहीत. मी जेवले, कारण दोघांपैकी कुणाकडे बघावं ते मला कळेना.

दुसऱ्या दिवसापासून बाबांनी प्रार्थनेत कुणाचंच नाव घेतलं नाही. आत्याचं नाही, आईचं नाही, माझंही नाही. 'आम्हा सर्वांना तुझ्या हाती देतो,' एवढं म्हणून ते थांबायचे. पिठलं आता वाफाळतं मिळायचं. पण मला माझं नाव हवं होतं. क्लासमध्ये दिवसभर घसा फोडून घरी यावं आणि कुणीतरी देवापुढे आपलं नाव घ्यावं, याची किंमत ते बंद झाल्यावर समजली. त्या 'सर्वां'मध्ये ताई होती का, हे आईनं त्यांना कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही. संसार नीट चालला होता. चहा, औषधं, सणाची खरेदी, सगळं एकमेकांना विचारून. संध्याकाळची ती थोडी मिनिटं मात्र दोघं दोन गावांत असल्यासारखे बसायचे.

बाबा गेले तेव्हा आम्ही त्यांना लातूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत पुरलं. चाचांनीही माती दिली. मंडळी निघून गेल्यावर घरात आई आणि मी दोघीच उरलो. दिवेलागण झाली होती. प्रार्थना आता मीच करायची असं धरून मी बसले, तर आई म्हणाली, "थांब. मी करते." तिनं मोठ्यानं प्रार्थना जन्मात केली नव्हती. तिनं पदर डोक्यावर घेतला, आणि पहिलं नाव ताईचंच येणार असं मला वाटलं.

"देवा," ती म्हणाली, "नांदेडच्या वन्संला सांभाळ." मग तिनं ताईचं नाव घेतलं. अगदी सावकाश, दोनदा घेतलं. मग माझं घेतलं, आणि आमेन म्हणून पदर खाली घेतला.

मला राहवलं नाही. मी विचारलं, "आणि बाबांचं?"

"त्यांची माती केली आपण. उद्या जाऊन बसता येईल त्यांच्याजवळ," ती म्हणाली. तिचा आवाज तिथं फुटला. "आन् नाव घेतलेलं त्यांना चाललं नसतं."