फक्त होऊन गेलेलं

सालेकशाहून गोंदियाला मी रोज सकाळच्या पॅसेंजरने शाळेत इंग्रजी शिकवायला जायची. बायकांच्या डब्यात एक बाई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही.

माझ्या हातातलं व्याकरणाचं पुस्तक पाहून एके दिवशी ती म्हणाली, "मास्तरीणबाई, मलेही इंग्रजी शिकवा. पन होऊन गेलेल्या गोष्टीचंच."

"आधी वर्तमानकाळ शिकावा लागतो."

"आताचं कोनाले सांगू?"

इंग्रज जाईपर्यंत ती जंगलखात्याच्या एका साहेबाकडे आया होती. त्याची मुलगी तिनेच वाढवली. मग साहेब कुटुंबासह विलायतेला गेला. "पोरगी आपली बोली इसरली असंल," ती म्हणाली. "उद्या आली त कसं सांगू, तू माझ्या हातची आंबील खाल्ली, माझ्या मांडीवर झोपली?"

मी शिकवायला लागले. ती एक वाक्य म्हणायची, विडीचं तोंड मुडपायची, दोरा गुंडाळायची. 'यू स्लेप्ट' म्हणताना तिचा आवाज आपोआप खाली यायचा. शेजारच्या बायका हसायच्या, "विलायतेले चालली काय व?" ती मान वर करायची नाही. चुकली की मी टोकायची. लाड करायचा माझा स्वभाव नाही.

भूतकाळ चांगला पाठ झाला, तेव्हा मी भविष्यकाळ काढला. "आता म्हणा, ती येईल."

तिने सुपातली पानं सारखी केली.

"ते नको, बाई. ते तिनंच म्हनावं."