एकाच दांड्यावरचं बॉनेट

मुलांनो, जोडीने मिळणारी वस्तू अर्धीच वापरायला काढणारा माणूस अख्ख्या पृथ्वीवर एकच असावा, आणि तो नेमका आपल्या नात्यात आहे. तुमच्या आजोबांचे हे मावसभाऊ. तुम्ही त्यांना शेजारचे आजोबा म्हणता, मी भाऊजी म्हणते. त्यांच्या पायात एक चप्पल नवी आणि एक जुनी असते, कारण अंगठा तुटला तो डावीचा. उजवीने काय पाप केलंय? नवी उजवी कपाटात तिची पाळी येण्याची वाट पाहत पडलेली असते. रिमोटमधला एकच सेल ते बदलतात आणि मग चॅनल लागेपर्यंत रिमोट तळहातावर आपटत बसतात. बैठकीच्या खिडकीचा एक पडदा निळा आहे, दुसरा एके काळी निळा होता. शेंद्र्याच्या एका कारखान्यात ते खरेदी खात्यात होते आणि साहेब त्यांच्यावर फार खूश असत, यात मला तरी नवल वाटत नाही.

त्यांची गाडी त्यांच्यासारखीच, वयस्कर पण ऐटबाज. तिचं बॉनेट, तुम्ही तिकडे हूड म्हणता ते, दोन बाजूंच्या दोन दांड्यांवर उभं राहतं. दांड्यांत गॅस भरलेला असतो. तो गेला की बॉनेट वर टिकत नाही. भाऊजींचं कितीतरी दिवस टिकत नव्हतं. पण रोज सकाळी ऑइल आणि पाणी बघायची त्यांची शिस्त, त्यामुळे बॉनेट धरायला रोज एक माणूस लागे. शेजारच्या फाटकातून हाक येई, "वहिनी, जरा हात लावता का?" मी चहा तसाच ठेवून जात असे. मी घरी नसले की दूधवाला सापडे. एकदा तर मत मागायला आलेला उमेदवारच त्यांनी बॉनेटखाली उभा केला. "लई भारी माणूस वहिनी, हललासुद्धा नाय!" असं म्हणून त्यांनी मतही त्यालाच देऊन टाकलं.

मग एका सकाळी कोणीच सापडलं नाही. भाऊजींनी बॉनेटला कपडे वाळत घालायची काठी लावली. काठी सटकली आणि बॉनेट मनगटावर आलं. हाड वाचलं, पण पट्टी त्यांच्या लेकीला, पुण्याच्या शुभाला, व्हिडिओ कॉलवर दिसली. मीही तेव्हा तिथेच बसले होते.

"बाबा, मी रविवारी येतेय," ती म्हणाली. "बॉनेट कोणी न धरता उभं राहिलं तर ठीक. नाहीतर गाडी विकायची आणि तुम्ही माझ्याकडे राहायला यायचं. काकू, तुम्हीच सांगा त्यांना!"

भाऊजी त्या दिवशी जेवले नाहीत. जाऊबाई गेल्यापासून दर सोमवारी ते त्याच गाडीने वेरूळला घृष्णेश्वराला जातात, आम्हा शेजारणींना मागे बसवून. पुण्याच्या अकराव्या मजल्यावर ते काय करणार होते?

दुसऱ्याच दिवशी ते दांडा आणायला गेले. दुकानदार म्हणाला, "चाचा, ये जोडी में बदलते." भाऊजी म्हणाले, "मेरा एकीच खराब है." दुकानदार जोडी फोडेना. शेवटी भाऊजींनी जोडी आणली, एक दांडा कपाटात ठेवला आणि दुसरा बसवायला घेतला. बॉनेट अर्थातच मी धरलं. त्यांनी स्क्रू ड्रायव्हरने बारीकशी क्लिप उचकटली, जुना दांडा ओढून काढला, नवा दाबला. कट्‌ असा आवाज झाला. मी हात सोडला. बॉनेट एक खांदा उडवून रुसलेल्या पोरासारखं तिरकं वर गेलं, क्षणभर थांबलं आणि हळूहळू खाली आलं.

"भाऊजी, दुसराही गेलाय."

"नाय हो. त्याला काय झालंय? चांगला आहे अजून."

मी त्यांना तोही काढायला लावला आणि त्याचं टोक फरशीला टेकवून दाबलं. सिरिंजचा दट्ट्या जावा तसा दांडा आत गेला आणि आतच राहिला.

भाऊजींनी तो माझ्या हातातून घेतला आणि म्हणाले, "सोबतचा गेला म्हणून ह्यालाबी काढून टाकायचं व्हय?"



"फेकायला कोण सांगतंय?" मी म्हटलं. "पण झेपत नाही ते ओझं त्याच्यावर किती दिवस टाकणार?"

ते आत गेले आणि कपाटातला दांडा घेऊन आले.

रविवारी शुभा आली ती पर्ससुद्धा न ठेवता थेट गाडीकडे. तिने बॉनेट जरासं उचललं. पुढचं ते आपलं आपण वर गेलं. तिने त्यावर थाप मारली, ओणवी होऊन खाली डोकं घातलं, मनात काहीतरी मोजलं.

"राहू दे गाडी," ती म्हणाली. "आणि पुढच्या खेपेला मला वेरूळला न्या."

"पुढच्या खेपेला कशाला? आत्ताच बस की!"

पट्टी बांधलेल्या हाताने त्यांनी दार उघडून धरलं, आणि ती हसत बसली.

हल्ली सकाळी हाक येत नाही. माझा चहा गरम असतानाच संपतो, आणि मग काय करावं ते सुचत नाही. परवा मीच फाटक उघडून गेले आणि म्हटलं, "भाऊजी, ऑइल बघायचं का?" ते नुकतंच बघून झालं होतं, हे मला खिडकीच्या गजांतून दिसलं होतं. त्यांनी पुन्हा बॉनेट उघडलं. ते निमूट उभं राहिलं, आणि त्याच्या सावलीत आम्ही दोघं, हातांना काही काम नसताना, बराच वेळ बोलत उभे राहिलो.