हौदावरचं नाव

कुपवाडच्या आमच्या कारखान्यानं जतकडच्या एका कोरड्या गावात मेंढरांसाठी पाण्याचा हौद बांधून दिला. सिमेंट, विटा कंपनीच्या आणि घाम आम्हा कामगारांचा, तोही सुट्टीच्या दिवशी. पुढच्या भिंतीवर कंपनीचं नाव मोठ्या अक्षरांत रंगवलं.

उद्घाटनाच्या दिवशी मालकांची वाट बघत सगळे उन्हात उभे होतो. तेवढ्यात कळप आला. पाण्याचा वास लागताच मेंढरं फीत तोडून घुसली आणि भिंतीला धडका देऊ लागली. एकाचंही तोंड पाण्यापर्यंत पोचेना. मागची पुढच्यांच्या अंगावर चढली, एक कोकरू पायांखाली सापडलं.

म्हातारा धनगर ओरडला, "आवं, एवढी उंच कशाला बांधली?"

नाव रस्त्यावरून दिसावं म्हणून आमच्या मॅनेजर साहेबांनी भिंत छातीपर्यंत न्यायला लावली होती. आम्ही मशीनवरची माणसं. भिंत लेव्हलमध्ये आहे का एवढंच बघत बसलो; मेंढराची मान कुठवर पोचते, हे कुणीच बघितलं नाही.

म्हाताऱ्यानं कोकरू ओढून काढलं आणि दोन्ही हातांनी उचलून पाण्याला लावलं.

"तसंच धरा, फोटो घेऊ," साहेब म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. टेम्पोतला घण घेऊन आलो.

"अरे, नाव फुटेल!" साहेब किंचाळले.

"मग मेंढरांस्नी वाचाय शिकवा," म्हणालो आणि पहिला घाव नावावरच घातला.