मागे मी आहे

सिंगापूरमधल्या बुकित पंजांगच्या आमच्या ब्लॉकमध्ये लिफ्ट चालू असताना जिन्याने चढणारी एकच बाई होती. अंगात पंजाबी ड्रेस, पायात डोंगरात घालायचे बूट, पाठीवर सॅक आणि सॅकमध्ये तांदळाची भरलेली पिशवी. मी तिथे नुकतीच राहायला आले होते. खाली बसलेले एक चिनी आजोबा तिला कळवळून सांगत होते, "आंटी, लिफ्ट नॉट स्पॉइल, लाह." तिने हसून मान डोलावली आणि जिन्याकडे वळली. तेवढ्यात फोनवर आईशी चाललेलं माझं बोलणं तिच्या कानावर पडलं. ती थबकली आणि म्हणाली, "मराठी ना? मग लिफ्टची वाट काय बघतेस? चल."

त्या सुधाताई कारखानीस. मूळच्या डोंबिवलीच्या. लग्नाआधी रविवार उजाडला की त्या कुठल्या ना कुठल्या गडावर असायच्या. नवऱ्याच्या बँकेतल्या नोकरीमुळे सिंगापूरला आल्या, स्वतः अकाउंटंट म्हणून नोकरी केली, पीआर, म्हणजे इथल्या कायमच्या रहिवासी झाल्या. नवरा गेला, मुलगी ऑस्ट्रेलियात स्थिरावली, आणि या इथेच राहिल्या. "या देशात सगळं आहे गं, फक्त चढ नाही," असं त्या दर चार दिवसांनी म्हणत. मी एकदा इथल्या बुकित तिमाह टेकडीचं नाव काढलं. त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "त्याला डोंगर म्हणायचं, तर आमच्या मलंगगडाला काय म्हणायचं?"

त्यांच्या स्वयंपाकघरात पेरू देशातल्या माचू पिक्चूचं एक जुनं चित्र होतं. फोडणीच्या वाफांनी पिवळं पडलेलं. राजाने बांधलं, मग माणसं गेली, भिंतींवर गवत वाढलं. आपल्या गडांसारखंच आहे, तर बघायला नको का, असं त्या विचारत. पण जायचं ते इंका लोकांच्या जुन्या दगडी वाटेने, पायी, तंबूत राहत. त्यासाठी हा जिना. हळूहळू आम्ही पाचजण जमलो. त्यात बेडोकहून येणारा केदार होता. जिममध्ये घाम गाळून दंड कमावलेला, आणि ते दाखवायला बाह्या कापलेले टीशर्ट घालणारा.

शनिवारी सकाळी सरावाला सुरुवात करताना सुधाताई पहिल्या पायरीला हात लावून नमस्कार करायच्या. सरकारी इमारतीचा जिना, बाजूला कुणाची तरी सायकल, कुणाचे वाळत घातलेले मॉप. पण नमस्कार चुकायचा नाही. मग सगळ्यांना पुढे घालून त्या शेवटी राहायच्या. सगळ्यांत जाणत्या माणसाने सगळ्यांच्या मागे चालायचं, ही त्यांच्या डोंगरातली रीत. कुणी थकला, बसला, तर त्याच्याजवळ थांबणारं माणूस मागे हवं. मी दम लागून वळून पाहिलं की खालून आवाज यायचा, "चढताना मागे बघायचं नाही. तोल जातो. मागे मी आहे." सराव संपला की पाठीवरून वाहिलेल्या त्याच तांदळाचा मसालेभात व्हायचा. चढलेल्या तांदळाची चव वेगळीच लागते, असं त्या ठासून सांगत, आणि आम्हीही भुकेपोटी मान्य करत असू.

पेरूला पोचलो. वाट सुरू झाली तिथे सुधाताईंनी वाकून दगडाला हात लावला, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. पहिला दिवस मजेत गेला. दुसऱ्या दिवशी मोठी खिंड होती. तिथे हवा इतकी विरळ की चार पावलं टाकली तरी छाती भात्यासारखी हलायची. खिंडीच्या अलीकडेच केदार मटकन खाली बसला. डोकं धरून ओकायला लागला, बोलणं तुटक झालं. वाटाड्याने पाहिलं आणि याला लगेच खाली न्यायला हवं म्हणाला. त्याचा मदतनीस बरोबर जाणार होता, पण आपलं कुणीतरी हवं होतं. आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघेपर्यंत सुधाताईंनी केदारची सॅक उचललीसुद्धा.

मी म्हटलं, तुम्ही नका जाऊ, मी जाते. जन्मभर वाट पाहिलीत.

"शेवटी मी चालतेय ना? मग खाली मी जाणार," त्या म्हणाल्या. "तू वर जा आणि नीट बघ. परत आलीस की मला सगळं सांग."

खाली दवाखान्यात केदार लवकरच सावरला. तिथून रेल्वे आणि बस थेट माचू पिक्चूच्या दारापर्यंत जातात. आम्ही पायी तिथे पोचणार होतो त्याच दिवशी त्याही येऊ शकल्या असत्या. केदारने हात जोडले. पण बाई हटल्या नाहीत. "रोपवेने जाऊन रायगड चढलो म्हणणाऱ्यांतली मी नव्हे. पुढच्या वर्षी येईन, पायी." त्या गावातल्या हॉटेलात बसून राहिल्या.

पुढच्या वर्षी गुडघा गेला. त्याच्या पुढच्या वर्षी डॉक्टरांनी जिनाही बंद केला. मग आम्ही रविवारी खालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांपाशी, बसायचो आणि कोपी, म्हणजे इथली कॉफी, ढवळत त्या म्हणायच्या, "हं, सांग." मी सांगायची. पहाटे निघालो, सूर्यदरवाजापाशी पोचलो, समोर नुसतं धुकं. मग धुकं फाटलं आणि खाली ते सगळं शहर. कितीदा ऐकलं तरी धुक्यापाशी त्यांचे डोळे लकाकायचे. "राजगडावर अगदी असंच," त्या म्हणायच्या.

शेवटच्या आजारपणात हॉस्पिटलमध्ये भेटायला गेले, तेव्हा त्यांनी आपणहून विषय काढला. आवाज अगदी बारीक झाला होता.

"रेल्वेने गेले असते तर काय बिघडलं असतं गं? उगाच हट्ट केला. नुसतं बघायचं तर होतं."

त्यांच्या तोंडून असं कधी ऐकलं नव्हतं. मग इतक्या रविवारांत न सांगितलेली एक गोष्ट मी त्यांना सांगितली. धुकं फाटलं तेव्हा सगळे समोर बघत होते. मी मात्र वळून वाटेकडे बघत होते. तुम्ही वर येताय असं सारखं वाटत होतं. त्या नादात पहिलं दर्शन माझंही हुकलं.

त्या माझा हात दाबून म्हणाल्या, "वेडी. मागे बघायचं नाही म्हटलं होतं ना?"

त्या गेल्या त्याला आता दोन पावसाळे झाले. शनिवारी मी सॅकमध्ये तांदूळ भरते, पहिल्या पायरीला हात लावते आणि चढायला लागते. केदारही येतो, तो आता सगळ्यांच्या मागे चालतो आणि पुढच्यांना सांभाळतो. तरी मधल्या मजल्यावर दम लागला की मान आपोआप मागे वळते. केदार दिसतो. त्याच्या मागचा जिना रिकामा असतो, आणि मला त्या फार हव्याशा वाटतात.