रुफिजीच्या काठचं कुंपण

मनोरीचा कॉस्मस बरीच वर्षं बोटीवर कुक होता. एकोणीसशे चोपन्न साली एका गोऱ्या मॅनेजरने त्याला आफ्रिकेत, टांगानिकातल्या आपल्या सफारी कॅम्पवर स्वयंपाकाला बोलावलं. रुफिजी नदीच्या काठावर सात तंबू. जनावरं बघायला विलायतेहून पाहुणे यायचे आणि संध्याकाळी प्रत्येकाला तंबूत अंघोळीचं गरम पाणी लागायचं. ते नदीतून आणायचा जुमा, पन्नाशीचा, शांत माणूस. खेप संपली की कॉस्मसच्या चुलीपाशी टेकून चहा प्यायचा.

पाणवठ्यावर मगर फिरते, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"साहेब, काटेरी फांद्यांचं कुंपण घालू," कॉस्मसने मॅनेजरला सांगितलं.

"नको. पाहुण्यांना तंबूतून नदी मोकळी दिसली पाहिजे."

तीनदा विचारलं, तीनदा हेच उत्तर. मग एका दुपारी नदीकडून किंकाळी आली. कॉस्मस धावत पोचला तेव्हा पाण्यावर नुसते जुमाचे डबे तरंगत होते.

मॅनेजर म्हणाला, "पाहुण्यांना कळता कामा नये. पाचला चहा तयार ठेव."

कॉस्मसचं डोकं फिरलं. पाच वाजता तो पाहुण्यांसमोर रिकाम्या हातांनी उभा राहिला आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाला, "तुमच्या अंघोळीच्या पाण्यापायी माणूस गेला. जुमा त्याचं नाव." एक बाई रडायला लागली. एका साहेबाने विचारलं, मगर पुन्हा तिथेच येईल का? आणि कॅमेरा आणायला उठला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच कॉस्मसने कुऱ्हाड उचलली. बाकीचे नोकरही आले. दुपारपर्यंत कुंपण उभं राहिलं. मॅनेजर शिव्या देत आला, तसा कॉस्मस कुऱ्हाडीसकट वळला. "लाव हात, बघतोच!"

कुंपणाला हात लावायची मॅनेजरची छाती झाली नाही. कॉस्मसला मात्र त्याच दिवशी ट्रकमध्ये बसवून हाकलून दिलं.

मनोरीला परतल्यावर शेजारचा बेनेडिक्ट हौसेने आला. "काय रे, सिंह बघितलास?"

"सिंह बघायला गेलेलो काय मी? चल नीघ!" कॉस्मस खेकसला.

बेनेडिक्ट गेल्यावर कॉस्मसची बायको इव्हा भडकली. "त्याने काय घोडं मारलं तुझं? आल्यापासून ज्याच्या त्याच्या अंगावर जातोस."

"त्याच्यावर नाही गं चिडलो मी." कॉस्मसने भिंतीवर मूठ आपटली. "माझ्यावर चिडलोय. जुमा गेल्यावर अर्ध्या दिवसात कुंपण बांधलं ना मी? मग आधी कुणाच्या परवानगीला थांबलो होतो? नोकरी जाईल म्हणून गप्प बसलो!"

इव्हा म्हणाली, "हे बेनेडिक्टला सांग. नुसता ओरडू नकोस."

तो गेला. सगळं सांगितलं, स्वतःची चूकसुद्धा. बेनेडिक्ट मान खाली घालून ऐकत राहिला.

कॉस्मसचा राग काही गेला नाही. तो जावा असं त्यालाही वाटत नव्हतं.