बारशाची चावी

मी ज्या बाळाला रोज न्हाऊ घालते, त्याचं काल बारसं झालं. आजोबांनी नव्या फ्लॅटची चावी त्याच्या तळहातावर ठेवली आणि त्याने मूठ घट्ट मिटली.

"सोडत नाही बघा! आत्तापासूनच मालक!" आजोबा म्हणाले. सगळे हसले. दाराशी उभी राहून मीही हसले.

बाळाने चावी तोंडाकडे नेली, तशी आईने ती काढून कपाटात ठेवली. आता तो मोठा होईपर्यंत ती तिथे त्याची वाट बघेल.

माझ्या लेकीला, सुमनला, सातवा महिना लागलाय. घरी येऊन तिला हे सांगितलं, तर म्हणाली, "आई, माझ्या बाळाला तू काय देशील गं?"

"टोपडं शिवीन की!"

ती हसली, पण मी मनात हिशेब करत बसले. टोपडं वर्षभरात लहान होईल. पुढे माझं नातवंड जन्मभर भाडं भरत राहील, कदाचित त्याच फ्लॅटचं.

आज न्हाऊ घालताना त्या बाळाची मूठ उघडली. आत दुपट्याचा एक धागा होता, बाकी काही नाही. तरी त्याने ती पुन्हा तितकीच घट्ट मिटली. सुमनचं बाळही मूठ अशीच घट्ट मिटेल, आणि तिच्यातही काही नसेल. त्याचीच मला भीती वाटते.